वर्णन, नाव आणि निर्णय : आकाशातील व अवकाशचित्रांतील फिरत्या दिव्यांच्या वादाचा इतिहास

१

शके १९४४ च्या गुढीपाडव्याच्या सायंकाळी, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजी, पावणेआठच्या सुमारास विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि लगतचा मध्यप्रदेश येथील असंख्य लोकांनी आकाशातून जळत्या दिव्यांची एक माळ पूर्वेकडे सरकताना पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात त्याच रात्री लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. पवनपार येथे एक पोकळ गोळा सापडला. तोवर या दृश्यास अनेक नावे मिळून चुकली होती. कोणी त्यास उल्कावर्षाव म्हटले, कोणी कोसळता उपग्रह, तर कोणी नुकत्याच सोडलेल्या अग्निबाणाचा भाग. डोळ्यांनी पाहिलेली वस्तू एकच असता तिला इतकी नावे का मिळावीत, आणि त्यांपैकी खरे कोणते हे ठरविण्याचा मार्ग कोणता, हा प्रश्न या घटनेने महाराष्ट्रापुढे प्रत्यक्ष उभा केला.

याच जातीचा वाद अवकाशयानांतून घेतलेल्या चित्रफितींविषयी गेली तीन दशके चालू आहे. या फितींत पृथ्वीच्या पार्श्वभूमीवर काही ठिपके सरकतात, थबकतात, एकाएकी दिशा बदलतात. एका पक्षाच्या मते ती अज्ञात याने होत. दुसऱ्या पक्षाच्या मते तो यानातूनच सुटलेला बर्फाचा व रंगाच्या खपल्यांचा कचरा होय. हा वाद सामान्यतः पदार्थविज्ञानाच्या कक्षेतील मानला जातो. तथापि त्याचा इतिहास तपासता असे दिसून येते की, बहुतेक प्रसंगी तंटा वर्णनाविषयी नसून नावाविषयी असतो. साक्षीदाराचे वर्णन आणि त्याने, किंवा त्याच्यासाठी दुसऱ्याने, योजलेले नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे एक तर नावाबरोबर खरे वर्णनही फेटाळले जाते, नाही तर वर्णनाबरोबर खोटे नावही पदरी पडते.

२

वर्णन व नाव वेगळे ठेवण्याची दृष्टी आपल्या परंपरेस अपरिचित नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कालक्षणांसाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार तो सांगतो, व त्यांतील भेद आकार, तेज, गती आणि ध्वनी यांवरून करतो. स्वर्गातील पुण्य भोगून खाली येणाऱ्यांची ही रूपे होत, ही त्याची उपपत्ती आज कोणी स्वीकारणार नाही; परंतु त्याची लक्षणे या उपपत्तीवर अवलंबून नाहीत. गडगडाट करीत भूमीवर आदळणारी ती अशनी, हे निरीक्षण उपपत्ती बाजूस सारली तरी शिल्लक राहते. आधुनिक मराठीने यांतील दोन शब्द उचलले आणि त्यांस नवा काटेकोर अर्थ दिला : आकाशात चमकून जाणारी ती उल्का, आणि न जळता भूमीवर पोहोचणारा पाषाण तो अशनी. दिसलेला प्रकाश आणि हाती आलेली वस्तू यांना वेगळे शब्द असणे ही मोठी सोय आहे. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी दगड पडले, तेव्हा त्यांच्या परीक्षणावरून तो अशनीपात ठरला. दिवसाउजेडी ऐकू आलेल्या आवाजाची शहानिशा हाती आलेल्या पाषाणाने केली.

यूरोपात मात्र आकाशातून दगड पडतात हे शेतकऱ्यांचे सांगणे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक विद्वानांस भाकडकथा वाटे. दगड विजेबरोबर पडले, अशा नावाने साक्ष दिली जाई. विजेतून दगड निर्माण होत नाही हे विद्वानांस ठाऊक होते, म्हणून त्यांनी दगडही नाकारले. क्लाद्‌नी याने १७९४ मध्ये हे पाषाण पृथ्वीबाहेरून येतात असे प्रतिपादन केले. पुढे २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल गावाभोवती सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला आणि बिओ या तरुण शास्त्रज्ञास चौकशीसाठी धाडण्यात आले. त्याने गावोगाव हिंडून साक्षी घेतल्या, दगड कोठे कोठे पडले त्या जागा नोंदविल्या, व त्या भागात तशा जातीचा खडक नाही हे दाखविले. ग्रामस्थांचे वर्णन खरे ठरले, त्यांनी दिलेले नाव तेवढे गळून पडले. परग्रहावरील यानांच्या कल्पनेस हसणाऱ्या संशोधकाने हा प्रसंग विसरता कामा नये. साक्षीदारास मूर्ख ठरविणे ही शास्त्रीय पद्धती नव्हे.

३

उलट बाजूची गल्लत १९४७ मध्ये झाली. त्या वर्षी २४ जून रोजी केनेथ अर्नोल्ड हा अमेरिकन वैमानिक वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वताजवळून जात असता त्याला नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. त्यांची चाल सांगताना त्याने पाण्यावर भाकरी काढण्यासारखा दाखला दिला : बशी पाण्यावर फेकली असता ती जशी उड्या घेत जाते, तशी त्यांची गती होती. ही उपमा क्रियाविशेषणाच्या जागी आली होती. ती गतीस लागू होती, आकारास नव्हे. वृत्तपत्रांनी ती विशेषण करून नामास जोडली व काही दिवसांतच ‘उडती बशी’ हा शब्द जगभर झाला. मराठीत त्याची ‘उडती तबकडी’ झाली. त्यानंतर लोकांना जे दिसू लागले, त्यात तबकडीचा आकार वारंवार येऊ लागला. एका वाक्यातील पदाची जागा बदलल्याने एका नव्या वस्तूस अस्तित्व लाभले, असे याहून ठळक उदाहरण क्वचितच आढळेल.

हा दोष ध्यानी आल्यानेच अमेरिकी वायुदलाने पुढे तटस्थ संज्ञा स्वीकारली. ‘यूएफओ’ या आद्याक्षरांचा अर्थ ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ एवढाच आहे. हे वस्तूविषयीचे विधान नसून पाहणाऱ्याच्या ज्ञानाविषयीचे विधान आहे. परंतु नकाराचे नाम झाले की त्याखाली एक जात कल्पिण्याची प्रवृत्ती बळावते. ‘ओळख पटली नाही’ याचे ‘अनोळखी जातीची आहे’ असे रूपांतर होण्यास फार वेळ लागला नाही. वायुदलाने १९६९ मध्ये आपले ‘ब्लू बुक’ प्रकरण बंद केले तेव्हा १९४७ पासूनच्या १२,६१८ वृत्तांतांपैकी ७०१ अनिर्णीत राहिले होते. या ७०१ वृत्तांतांचा समान धर्म कोणता, असे विचारल्यास उत्तर एकच आहे : त्यांचा निर्णय लागला नाही. एवढ्यावरून त्यांचा वर्ग बनत नाही.

४

अवकाशातील दिव्यांचा इतिहास २० फेब्रुवारी १९६२ पासून सुरू होतो. त्या दिवशी जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता सूर्योदयाच्या वेळी त्याला आपल्या यानाभोवती हजारो चमकते कण तरंगताना दिसले. त्याने त्यांस काजव्यांची उपमा दिली. ही उपमा नीट पारखून घेण्याजोगी आहे. काजवा लहान असतो, जवळ असतो, पुष्कळांच्या मेळ्यात असतो आणि संथ फिरतो. ग्लेनच्या वर्णनातील प्रमाण, अंतर, संख्या व गती ही चारही अंगे तिने राखली. ते सजीव आहेत असे मात्र तिने सिद्ध होत नव्हते. त्याच वर्षी २४ मे रोजी स्कॉट कार्पेंटर याने आपल्या यानाच्या आतील बाजूवर हाताने आघात केला, तेव्हा तसल्याच कणांचा लोट बाहेर पडला. यानाच्या पृष्ठावर गोठलेल्या हिमाचे ते कण होते. निर्णय अधिक बारकाईने पाहण्याने झाला नाही. दृश्याशी संबंध असलेली दुसरी एक क्रिया करून तिचा परिणाम पाहिल्याने झाला.

वर्णनात नाव कसे शिरते याचे दुसरे उदाहरण ३ मार्च १९६८ चे आहे. त्या रात्री सोव्हिएत ‘झोंड ४’ मोहिमेतील अग्निबाणाचे अवशेष अमेरिकेच्या अनेक राज्यांवरून जळत गेले. कोलोराडो विद्यापीठातील कॉन्डन समितीसाठी विल्यम हार्टमन याने या प्रसंगीच्या साक्षी अभ्यासल्या. कित्येकांनी वेगवेगळे जळते तुकडे एका रांगेत गेल्याचे नेमके सांगितले. परंतु काहींनी चिरुटाच्या आकाराचे, चौकोनी खिडक्या असलेले यान जवळून गेल्याचे सांगितले. तुकड्यांमधील काळी जागा त्यांच्या वर्णनात यानाचे अंग बनली आणि तुकडे खिडक्या झाले. या साक्षीदारांस खोटे बोलायचे नव्हते. ‘खिडकी’ हा शब्द मनात येताच खिडकी ज्यात असते ती भिंतही तिच्याबरोबर आली.

५

या पार्श्वभूमीवर १९९१ च्या प्रसिद्ध चित्रफितीचा विचार करावा. ‘डिस्कव्हरी’ हे अमेरिकी यान त्या वर्षी १२ सप्टेंबरला उडाले. १५ सप्टेंबर रोजी त्याच्या कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात पृथ्वीच्या कडेजवळ एक ठिपका उगवला, काही काळ संथ सरकला. मग एक चमक झाली, ठिपक्याने तीव्र वळण घेतले व तो वेगाने निघून गेला. पाठोपाठ खालून एक रेषा त्या दिशेने धावत गेली. ही दृश्ये दूरचित्रवाणीवर पोहोचताच कोणी तीत शस्त्राचा मारा चुकविणारे यान पाहिले.

मराठीत या दृश्याचे वर्णन ‘दिवा वळला’ असे होईल. वळणे हे क्रियापद कर्तृत्वाविषयी मौन बाळगते. गाडी वळते तसा रस्ताही वळतो. ‘दिव्याने वळण घेतले’ असे म्हणताच हेतू आत शिरतो, आणि ‘दिवा वळविला गेला’ असे म्हणताच बाहेरील प्रेरणा. वादातील दोन्ही पक्ष यांपैकी एकेक रूप वर्णन म्हणून मांडीत होते. वस्तुतः ते दोन्ही निर्णय होते.

नेब्रास्का विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे अध्यापक जॅक कॅशर यांनी यानांच्या बाजूने गणिती युक्तिवाद केला : यानाच्या दिशानियंत्रक फवाऱ्याने हिमकण ढकलले गेले असतील तर त्यांच्या मार्गांचा त्या फवाऱ्याच्या स्थानाशी व दिशेशी मेळ बसावयास हवा, आणि तो बसत नाही. हा आक्षेप विचारपूर्वक केलेला होता. परंतु त्यात प्रत्येक ठिपक्याचे अंतर गृहीत धरावे लागते, आणि सपाट चित्रातून अंतर मिळत नाही. एक मीटर अंतरावरील रेतीएवढा कण आणि शंभर किलोमीटरांवरील अजस्र वस्तू यांचे चित्रातील ठिपके सारखेच असू शकतात; सेकंदास काही सेंटिमीटर चालणारा पहिला कण आणि प्रचंड वेगाने झेपावणारी दुसरी वस्तू यांची चित्रातील सरकही सारखीच.

उड्डाणनियंत्रण केंद्रात काम केलेले अभियंते जेम्स ओबर्ग यांनी म्हणून चित्राबाहेरील नोंदींकडे लक्ष वेधले. यानास ३८ मोठे व ६ लहान दिशानियंत्रक फवारे होते, आणि त्यांच्या प्रत्येक स्फोटाची वेळ आपोआप नोंदली जाई. चित्रातील चमकेची वेळ अशा एका स्फोटाशी जुळते, असे त्यांनी दाखविले. शिवाय ते दृश्य यान पृथ्वीच्या सावलीतून नुकतेच उन्हात आल्यानंतरचे होते. पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी घेणाऱ्या यानास दिवसातून सोळा वेळा सूर्योदय दिसतो, आणि त्या अल्प अवधीत खाली रात्र व वर ऊन अशी स्थिती असल्याने जवळचा क्षुद्र कणही ठळक उजळतो. यानाच्या स्वतःच्या छायेतून बाहेर आलेला असा कण एकाएकी उगवल्यासारखा दिसतो. तो क्षितिजामागून आला असे मानण्याचे कारण उरत नाही. ग्लेनचे काजवेही सूर्योदयासच दिसले होते. वाद यानंतरही पूर्णपणे थांबला नाही. परंतु प्रमाणांचे वजन कोणत्या पारड्यात पडते हे स्पष्ट झाले.

यापुढील प्रसंग फेब्रुवारी १९९६ चा. ‘कोलंबिया’ यानातून एक इटालियन उपग्रह दोरीस बांधून दूर सोडण्यात आला होता. २५ फेब्रुवारीस १९.७ किलोमीटर दोरी उलगडली असता ती तुटली. काही दिवसांनी दूरवर तरंगणाऱ्या या दोरीचे चित्रण करताना तिच्याभोवती अनेक गोल तबकड्या पोहताना दिसल्या. प्रत्येकीच्या मध्यभागी छिद्र व कडेस खाच होती. त्या दोरीमागून जात आहेत असे वाटत होते. तसे असेल तर त्यांचा व्यास काही किलोमीटर धरावा लागेल.

येथे चित्रातच एक मोजपट्टी उपलब्ध होती. दोरीची खरी जाडी केवळ अडीच मिलिमीटर होती, पण चित्रात ती जाडजूड पट्ट्यासारखी दिसते. म्हणजे तिचा प्रकाश कॅमेऱ्याच्या संवेदक पटलावर पसरला होता. ज्या चित्रात अडीच मिलिमीटरांची दोरी अशी फुगते, त्यातील तबकडीची रुंदी खरी मानण्यास आधार नाही. जवळचे कण भिंगाच्या केंद्रीकरणाबाहेर असल्याने त्यांचे गोल ठसे उमटले. छिद्र व खाच सर्वांवर एकाच साच्याची असणे हेही ती कॅमेऱ्याची लक्षणे असल्याचे सुचविते. उजळ दोरीवरून मंद ठसा गेला तरी तो तीस झाकू शकत नाही, म्हणून तो मागे असल्याचा भास होतो. तबकडी खरोखरच दिसली होती. परंतु ती कॅमेऱ्यात होती, अवकाशात नव्हती.

६

आता सिंदेवाहीच्या घटनेस हीच कसोटी लावता येते. साक्षीदारांच्या वर्णनात तीन लक्षणे होती : दिवे अनेक होते, ते एकाच दिशेस जवळजवळ समांतर जात होते, आणि त्यांची चाल संथ होती. उल्का सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा काही क्षणांत विझते. कक्षेतून खाली येणारी वस्तू सेकंदास साडेसात-पावणेआठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ भूमीस समांतर येते. म्हणून ती मिनिटभर किंवा अधिक काळ दिसते, आणि तुटल्यावर तिचे तुकडे माळेसारखे एकामागे एक जातात. खानदेश ते चंद्रपूर हे अंतर अशा वस्तूस एका मिनिटाचे आहे. उल्कावर्षाव हे नाव त्यामुळे लोकांच्या स्वतःच्या वर्णनाशीच विसंगत होते.

दुसरे नाव अधिक फसवे होते. त्याच सायंकाळी भारतीय वेळेनुसार ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडहून ‘इलेक्ट्रॉन’ अग्निबाण सुटला होता, आणि पडलेले अवशेष त्याचेच असावेत असा तर्क मांडला गेला. वेळ जुळणे हे या तर्काचे बळ होते व तेवढेच होते. याउलट अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळेबरोबर मार्गही पाहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता, आणि त्याची वाट दिव्यांच्या वाटेशी जुळत होती. या टप्प्याचा व्यास तीन मीटर असतो. लाडबोरीच्या कड्याचाही जवळजवळ तेवढाच. पोकळ गोळे हे अग्निबाणातील दाबयुक्त वायूच्या टाक्यांसारखे होते. उष्णतेस टिकणाऱ्या अशा टाक्या भूमीपर्यंत पोहोचल्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. काळ, मार्ग आणि माप ही तीन परस्परनिरपेक्ष प्रमाणे एका नावावर एकत्र आली. ग्रामस्थांचे वर्णन यांत कोठेही खोटे पडले नाही. उलट विद्वानांची प्रथम सुचलेली नावे त्या वर्णनावर घासून बाद झाली.

या निर्णयाचे मोल केवळ जिज्ञासातृप्तीपुरते नाही. कडे वस्तीलगत पडले. जीवितहानी झाली नाही हा दैवयोग. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातील वस्तूने भूमीवर केलेल्या हानीस ती सोडणारे राष्ट्र, दोष सिद्ध न होताही, उत्तरदायी असते. भारत १९७९ मध्ये या करारात सामील झाला. सोव्हिएत ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टीयुक्त उपग्रह २४ जानेवारी १९७८ रोजी कॅनडात कोसळला, तेव्हा १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने तीस लक्ष कॅनेडियन डॉलर देऊन तो प्रश्न मिटविला. ओळख पटली होती म्हणून हे घडले. ‘अज्ञात’ या नावावर कोणाकडेही दावा लावता येत नाही, आणि ‘उल्का’ या नावावर तर मुळीच नाही. चुकीच्या नावाची किंमत उद्या एखाद्या शेतकऱ्यास आपल्या घराच्या छपराने मोजावी लागेल.

७

असे प्रसंग यापुढे वाढणार आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशात मंद तारे दिसत नाहीत. म्हणून मुंबई-ठाण्याकडील आकाशनिरीक्षक कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणीसारख्या ठिकाणी जातात. तेथे सूर्यास्तानंतरच्या दोन तासांत ताऱ्यासारखे ठिपके शांतपणे सरकताना दिसतात आणि त्यांतील काही भर आकाशात विझतात. ‘मध्येच विझला’ हे वर्णन बिनचूक आहे. उपग्रह तेथे पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. मे २०१९ मध्ये ‘स्टारलिंक’चे पहिले साठ उपग्रह एकत्र सोडण्यात आले, तेव्हा नेदरलँड्समध्ये त्यांची रांग पाहून अज्ञात यानांच्या शेकड्याहून अधिक वर्द्या आल्या. आज असे उपग्रह हजारोंनी फिरत आहेत. नासाने नेमलेल्या समितीने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालाचा भर याच गोष्टीवर आहे की, मोजमापाच्या नोंदी सोबत नसतील तर केवळ चित्रावरून निर्णय लागत नाही. ‘गो फास्ट’ या नावाने गाजलेल्या लष्करी चित्रफितीत पडद्यावरील आकडे उपलब्ध होते. त्यांवरून भूमितीने हिशेब करता समुद्रावर झेपावणारी ती वस्तू ताशी सुमारे चाळीस मैलांनी जात असल्याचे निघाले. वेग बहुतांशी पाहणाऱ्या विमानाचा होता.

वरील विवेचनाचे तात्पर्य असे : प्रथम वर्णन, मग दुसऱ्या स्वतंत्र नोंदीशी त्याची तुलना, आणि शेवटी नाव, हा क्रम जेथे पाळला गेला तेथे निर्णय लागला, जेथे नाव आधी आले तेथे वाद रेंगाळला. मराठीत उल्का व अशनी हा भेद रुळला आहे, परंतु कक्षेतून जळत उतरणाऱ्या मानवनिर्मित वस्तूस सर्वमान्य असा एकपदी शब्द अद्याप नाही. सिंदेवाहीस तिला उल्का म्हटले गेले त्यामागे हेही एक कारण संभवते. तसा शब्द रुळेपर्यंत साक्ष घेणाऱ्याने ‘ते काय होते?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. किती दिवे, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेस, किती वेळ, आवाज किती वेळाने आला, हे प्रश्न आधी विचारावेत, आणि उत्तरे साक्षीदाराच्याच शब्दांत, त्याच्या बोलीतील उपमांसह, टिपून ठेवावीत. चंद्रपूरच्या त्या सायंकाळचे असे वृत्तांत अजून लोकांच्या स्मरणात आहेत, आणि ते गोळा करण्याचे काम भाषेच्या अभ्यासकास करता येण्याजोगे आहे.